फिरते, पण सुरू होत नाही

गॅरेजच्या दारात रोज येणाऱ्या तक्रारींपैकी एका तक्रारीची वाक्यरचना लक्ष वेधून घेणारी आहे. ‘सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण गाडी सुरू होत नाही.’ ‘गाडी बंद पडली’ या विधानात फक्त दुःख असते. या वाक्यात मात्र एक ‘पण’ आहे आणि त्या ‘पण’मध्ये अर्धे निदान आधीच होऊन गेलेले आहे. इंजिन फिरते, म्हणजे बॅटरीत जीव आहे, सेल्फची मोटार शाबूत आहे, तिचे दाते चाकाला भिडत आहेत. दोष या सर्वांच्या पलीकडे कुठेतरी आहे. कारागीर हे वाक्य ऐकतो आणि त्याचे हात आपोआप बॉनेटच्या एका ठरावीक भागाकडे वळतात.

या ‘पण’ला एक इतिहास आहे, असे आम्हांला वाटते. तो यंत्रांचा आहे तितकाच जाणण्याच्या रीतींचाही आहे, आणि म्हणून साहित्याच्या वाचकाला तो अगदीच परका वाटू नये. लक्षणावरून कारणाकडे जाणे हा आपलाही व्यवसाय आहे.

इतिहासाच्या मुळाशी एक तार्किक अडचण आहे. वाफेच्या इंजिनाला पहिल्या ढकलीची गरज सहसा पडत नाही. बाहेर बंबात तयार झालेली वाफ आत सोडली की दट्ट्या हलू लागतो. अंतर्ज्वलन इंजिनाचे तसे नाही. निकोलाउस ओटोने १८७६ साली सिद्ध केलेल्या चार फेऱ्यांच्या चक्रात आधी इंधनमिश्रित हवा ओढली जाते, मग ती दाबली जाते, मग पेटते आणि शेवटी बाहेर टाकली जाते. या चारांपैकी एकच फेरी शक्ती देते. उरलेल्या तीन ती खातात. म्हणजे फिरल्याखेरीज स्फोट नाही आणि स्फोटाखेरीज फिरणे नाही. न्यायशास्त्रात ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात तो दोष या यंत्राच्या जन्मातच आहे. तो मोडायला बाहेरच्या कोणीतरी पहिले फिरवणे अपरिहार्य ठरते. फिरवणारा आणि फिरणारे यांच्यातील हे नाते पुढे कसे बदलत गेले, हाच आमच्या विषयाचा गाभा.

कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठी अर्ज केला, ती सुरू करताना मागचे आडवे जड चाक हाताने गरगरवावे लागे. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्था आपल्या ऑइगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला याच जातीच्या गाडीने गेली. सुमारे शंभर किलोमीटरांचा तो प्रवास मोटारीच्या इतिहासात पहिला दीर्घ प्रवास म्हणून नोंदला जातो. त्याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून इंधन म्हणून लिग्रोइन विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. प्रज्वलनाच्या तारेचे आवरण झिजले तेव्हा मोजा बांधण्याचा पट्टा तिच्याभोवती गुंडाळला. या तपशिलांना सांगून सांगून थोडी झिलई चढली असेल. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटू नये. पिनेने दूर झाला तो दोष इंधनाचा होता; पट्ट्याने झाकला तो दोष ठिणगीचा होता. ‘पेट्रोल येतेय का? करंट येतोय का?’ हे दोन प्रश्न आजही रस्त्याकडेचा कारागीर याच क्रमाने किंवा उलट क्रमाने विचारतो. पहिल्याच लांब प्रवासात मोटारीने आपल्या निदानशास्त्राची दोन प्रकरणे उघडून दाखवली होती.

पुढच्या पंधरा वर्षांत ही दोन्ही प्रकरणे वाढली. विल्हेल्म मायबाखने १८९३ मध्ये फवाऱ्याचा कार्बोरेटर आणला आणि इंधनाचे माप बारीक छिद्रांच्या स्वाधीन झाले. रोबेर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला आणि ठिणगी अधिक भरवशाची झाली. फिरवण्याचे काम मात्र माणसाच्याच दंडावर राहिले. १९०८ पासून लाखोंनी खपलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’पुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची तयारी पाहावी. आधी सुकाणूच्या दांड्यावरील तरफेने ठिणगीची वेळ मागे घ्यायची. विसरले तर दट्ट्या माथ्यावर पोचण्यापूर्वीच स्फोट होई आणि हँडल उलटे फिरून मनगट मोडे. हँडल धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूस न ठेवता त्यांच्या शेजारीच ठेवायचा, ही शिकवण पुढे आपल्याकडच्या जीप आणि अँबेसॅडर चालवणाऱ्यांनाही वडिलधाऱ्यांकडून मिळत असे.

हँडल मारणे कष्टाचे आणि धोक्याचे होते, पण त्या कष्टातच माणसाला बरेच काही कळत असे. हातातल्या दांड्याला दाबाचा अडसर लागला की सिलिंडर दम धरून आहे हे समजे. अडसर लागला नाही तर झडप जळली असावी. ‘मॉडेल टी’च्या लाकडी पेट्यांतील कॉइलांची गुणगुण कानी पडली तर करंट आहे. नाकाला पेट्रोलचा वास फार आला तर चोक जास्त ओढला गेला आहे. फिरवणारा आणि जाणणारा ही एकच व्यक्ती होती. त्या माणसाची तक्रार मराठीत सांगायची तर ती ‘मी फिरवतो आहे, पण ते धरत नाही’ अशी झाली असती. ‘फिरवणे’ हे सकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्ता लागतो आणि त्या कर्त्याचा खांदा दुखतो. ‘इंजिन फिरते’ या वाक्यातला कर्ता मात्र इंजिनच आहे. ‘फिरवतो’पासून ‘फिरते’पर्यंतचे हे व्याकरणातले अंतर यंत्रविद्येच्या इतिहासात कधी कापले गेले, ते वर्षानिशी सांगता येते: १९१२.

त्या वर्षीच्या कॅडिलॅक मोटारींवर विजेचा सेल्फ-स्टार्टर बसून आला. तो सिद्ध करणारा चार्ल्स केटरिंग हा पूर्वी ओहायोतील डेटन येथे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि तिथे त्याने दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटार जोडली होती. गल्ल्याचा खण उघडायला क्षणभरच जोर लागतो. क्षणभराच्या कामासाठी लहान मोटारीवर तिच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकला तरी चालतो. हीच समज त्याने इंजिनाच्या पहिल्या फेऱ्यांना लावली. एडवर्ड डीड्स याच्यासह १९०९ मध्ये स्थापलेल्या ‘डेल्को’ने याआधी कॅडिलॅकला बॅटरीवरची प्रज्वलनयंत्रणा पुरवलीच होती. आता फिरवणे, बॅटरी भरणे, दिवे लावणे आणि ठिणगी पाडणे ही सर्व कामे एकाच विद्युत्‌यंत्रणेत आली. हँडल उलटून जखमी झालेल्या एका परोपकारी मोटारमालकाच्या मृत्यूने कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलंड हळहळला आणि त्यातून हा शोध लागला, अशी एक कथा नेहमी सांगितली जाते. तिच्या तपशिलांविषयी इतिहासकारांत शंका आहेत. शोधांना करुण प्रसंगाची पार्श्वभूमी जोडण्याची आपली हौस जुनी आहे, एवढेच येथे म्हणावे. ‘मॉडेल टी’ला सेल्फ मिळायला १९१९ उजाडले, मग मात्र हँडल हळूहळू डिकीत गेले आणि शेवटी तिथूनही नाहीसे झाले.

या बदलाचे सामाजिक लाभ मोठे होते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. दंडाच्या ताकदीची अट गेल्यामुळे मोटार कितीतरी अधिक लोकांच्या हाती आली. पण त्याचबरोबर फिरवणे आणि जाणणे यांची फारकत झाली. गादीवर बसलेल्या माणसाच्या कानावर एक घरघर येऊ लागली; तिचा अर्थ लावणारा निराळा माणूस लागू लागला. केविन बोर्ग याने अमेरिकन मोटार-मेकॅनिकांच्या इतिहासावर २००७ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात शोफरापासून गॅरेजवाल्यापर्यंतचा हा प्रवास सविस्तर आला आहे. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटवणारा. पेटवणाऱ्याचा पुढे नुसता चालवणारा झाला, आणि न पेटण्याचे कारण शोधणारा गॅरेजात जाऊन बसला.

आता त्या शोधणाऱ्याकडे वळू. त्याची रीत पाहताना आम्हांला वारंवार आठवतो तो आयुर्वेदातील ‘निदानपंचका’चा विचार. माधवकराच्या ‘रोगविनिश्चया’मुळे, म्हणजेच ‘माधवनिदाना’मुळे, तो वैद्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाठांतरात राहिला. रोग जाणण्याची साधने पाच: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. निदान म्हणजे कारण. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकटण्याआधीच्या खुणा. रूप म्हणजे प्रकट लक्षणे. उपशय म्हणजे काही देऊन पाहिल्यावर आराम पडतो का यावरून केलेली परीक्षा. आणि संप्राप्ति म्हणजे दोष कसा वाढत, कुठे साठत, रोगापर्यंत पोचला त्याची क्रमवार हकीकत.

कार्बोरेटरच्या काळातील जाणता कारागीर ही पाची साधने वापरत असे. त्यांची नावे त्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती. ‘काल-परवा काही त्रास देत होती का?’ या त्याच्या पहिल्या प्रश्नाने पूर्वरूपाची चौकशी होई. मग रूप. तो प्लग काढी आणि त्याचे टोक पाही. टोक पेट्रोलने ओले असेल तर इंधन पोचते आहे, पेटत नाही. कोरडे असेल तर ते पोचतच नाही. प्लगला तार लावून, त्याचा धातू इंजिनाच्या अंगाला टेकवून तो पोऱ्याला सेल्फ मारायला सांगे. ठिणगी निळसर आणि चटकदार पडली तर करंट ठीक; पिवळट, मरगळलेली पडली किंवा पडलीच नाही तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडून पॉइंट पाहायचे, कंडेन्सर पाहायचा, कॉइल पाहायची. पावसाळ्यात पुष्कळदा त्या झाकणातली ओल फडक्याने पुसली की काम भागे. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरून इंजिन फिरवले तर दाब कळे. आणि हे सर्व करण्याआधी तो नुसते ऐके. दम धरणाऱ्या इंजिनाच्या फिरण्याला एक लय असते. प्रत्येक सिलिंडर दाबाला आला की आवाज किंचित अडखळतो. टायमिंगचा पट्टा तुटला असेल तर ती अडखळ नाहीशी होते आणि इंजिन नेहमीपेक्षा हलके, एकसारखे, जणू निश्चिंतपणे फिरते. लय बिघडली म्हणून नव्हे तर ती फार सुरळीत झाली म्हणून रोग ओळखू यावा, हे छंदाच्या अभ्यासकालाही विचार करायला लावील.

मग उपशय. कार्बोरेटरच्या तोंडात कारागीर थोडेसे पेट्रोल ओते आणि सेल्फ मारायला लावी. इंजिन दोन-तीन क्षण धरून पुन्हा मेले, तर एकाच कृतीने बरेच सिद्ध झाले: ठिणगी आहे, तिची वेळ बरोबर आहे, दाब आहे, उणीव आहे ती केवळ इंधनाच्या पुरवठ्याची. ही दुरुस्ती नव्हती. दिलेले पेट्रोल जळून गेले आणि गाडी होती तिथेच राहिली. मात्र त्या दोन क्षणांच्या आरामात रोगाचे स्थान निश्चित झाले. घाट चढून तापलेल्या गाडीच्या पेट्रोल-पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहणे हाही उपशयच. नळीतल्या पेट्रोलची उष्णतेने वाफ झाली असेल तर थंडाव्याने ती विरते आणि गाडी सुरू होते. सुरू झाली की कारणही कळले. येथे औषध आणि परीक्षा एकच झाली.

उरली संप्राप्ति, खरा कस लागतो तो तिथे. जेट तुंबला होता, तो काढून तोंडाने फुंकला, गाडी सुरू झाली. पैसे घेऊन मोकळे होणारा इथे थांबे. जाणता मात्र विचारी की हा कचरा आला कुठून? टाकी आतून गंजली असेल, गंजाच्या कपच्या नळीतून खाली येत असतील, गाळणी फाटली असेल. तसे असेल तर आठवड्याने गाडी पुन्हा याच दारात उभी राहणार. लक्षण शमवणे आणि हकीकत समजणे यांतले हे अंतर आहे. रूप पाहून जो थांबतो त्याला रोगाचे नाव कळते. संप्राप्तीपर्यंत जो जातो त्याला रोग कळतो.

इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग याचा १९७९ मधील एक निबंध साहित्याच्या अभ्यासकांच्या परिचयाचा असेल. चित्रांतील कानांच्या पाळ्या आणि नखे न्याहाळून चित्रकार ओळखणारा मोरेल्ली, सिगारेटच्या राखेवरून माणूस ओळखणारा शेरलॉक होम्स आणि क्षुल्लक चुकांवरून मन ओळखणारा फ्रॉइड या तिघांना त्याने एका सूत्रात ओवले. तिघांच्याही मागे वैद्यक आहे, आणि त्याही मागे मातीतल्या खुणा वाचणारा शिकारी आहे, असे त्याचे प्रतिपादन. या मालिकेत काळ्या हातांच्या मेकॅनिकची जागा त्याने केली नाही. ती करायला हरकत नसावी. ओल्या प्लगचे टोक ही मोरेल्लीच्या पाळीइतकीच बोलकी खूण आहे.

आपल्याकडे या विद्येला वेगळे वळण मिळाले. परवाना-पद्धतीच्या दशकांत मोटारी थोड्या, त्यांचे प्रकार त्याहून थोडे आणि सुटे भाग महाग वा दुर्मिळ होते. उत्तरपाड्याची अँबेसॅडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, या दोन गाड्यांची रचना तीन-चार दशकांत मुळातून फारशी बदलली नाही. पाठ्यपुस्तक बदलले नाही म्हणजे त्यावरची टीका-भाष्ये दाट होत जातात, तसे या गाड्यांचे झाले. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना आणि त्यांच्या मेकॅनिकांना पद्मिनीचे प्रत्येक दुखणे त्याच्या ऋतूसह पाठ होते. ‘करंट येत नाही’, ‘कचरा अडकलाय’, ‘पॉइंट चिकटलेत’, ‘गाडी उचलत नाही’ अशी एक स्वतंत्र परिभाषा तयार झाली. इंग्रजीतले शब्द तिने घेतले, पण वाक्ये आपली ठेवली. शेतकऱ्याच्या विहिरीवरील डिझेल इंजिनाची भाषा याहून वेगळी, कारण तिथे ठिणगीच नाही. दाबानेच हवा इतकी तापते की फवारलेले डिझेल पेट घेते. तिथली जुनी तक्रार म्हणजे लाइनीत ‘एअर’ शिरणे. टाकी कोरडी होऊन नळीत हवा भरली की इंजिन कितीही फिरवा, धरत नाही. नटबोल्ट सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येईपर्यंत ‘एअर काढावी’ लागते. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाल्यानंतरच्या काळात हे ज्ञान गावोगाव अशा असंख्य हातांत गेले, ज्यांनी यंत्रशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते.

हे ज्ञान मौखिक होते, आणि मौखिक परंपरेचे सर्व गुणदोष त्यात होते. अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञ ज्यूलियन ऑर याने छायाप्रत-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास १९९६ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. कंपनीची छापील सूचनापुस्तके बाजूला राहतात आणि जेवणाच्या वेळी परस्परांना सांगितलेल्या जुन्या बिघाडांच्या गोष्टींतून हे लोक नवे बिघाड सोडवतात, असे त्याला आढळले. चहाच्या टपरीवर ‘अशीच एक गाडी आली होती…’ या शब्दांनी सुरू होणारे आख्यान ज्याने ऐकले असेल, त्याला ऑरचा निष्कर्ष नवा वाटणार नाही. संप्राप्ति ही मुळात गोष्टच असते. आधी काय झाले आणि त्यामुळे मग काय झाले, हा तिचा सांगाडा.

या जगाचा अस्त एका दिवसात झाला नाही. बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या मोटारीवर आली. १९७९ मध्ये इंधन आणि ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच संगणकाकडे सोपवणारी यंत्रणा बीएमडब्ल्यूच्या मोटारीत बसली. बेर्था बेंझपासून वेगळी चालत आलेली ती दोन प्रकरणे येथे एका बंद डबीत एकत्र शिवली गेली. प्रदूषण-नियंत्रणासाठी कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून मोटारीने आपले बिघाड आपणच नोंदवावेत असा नियम केला; १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना एकसारखे कोड आणि एकसारखी खाच सक्तीची झाली. भारतात २००० नंतरच्या उत्सर्जन-नियमांनी कार्बोरेटरला नव्या मोटारींतून निरोप दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा तिच्याबरोबर एक ग्रंथालयही बंद झाले.

आता सुकाणूखालच्या खाचेत यंत्र जोडले की पडद्यावर अक्षरे उमटतात. समजा, ‘पी ०३३५’ हा कोड आला. क्रँकशाफ्ट किती आणि कुठे फिरला आहे हे सांगणाऱ्या सेन्सरच्या मंडलात दोष आहे, असा त्याचा अर्थ. हा सेन्सर मुका झाला की शाफ्ट फिरतो आहे हेच संगणकाला कळत नाही. म्हणून तो ठिणगीही देत नाही आणि इंधनही फवारत नाही. इंजिन फिरते, पण त्याच्या फिरण्याची वार्ता पोचत नाही. जुन्या तक्रारीचा हा नवा अर्थ. परंतु कोड ‘मंडल’ म्हणतो, ‘सेन्सर’ म्हणत नाही. दोष सेन्सरचा असेल, उंदराने कुरतडलेल्या तारेचा असेल, गंजलेल्या जोडाचा असेल, दातेरी चकतीचा असेल, क्वचित खुद्द संगणकाचाही असेल. कोड हे रूप आहे, नीटनेटके आणि क्रमांकित रूप. त्याला निदान समजून जो सरळ सेन्सर बदलतो तो पुष्कळदा बरोबर ठरतो. आणि ठरला नाही तर दुसरा भाग बदलतो, मग तिसरा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलतो का, एवढे पाहिले असते तरी पुष्कळ कळले असते. त्यासाठी यंत्र लागत नाही, पाहणे लागते.

याहूनही विलक्षण वळण इमोबिलायझरचे. चोरी रोखण्यासाठी युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. किल्लीतली चकती संगणकाला ओळख पटवू शकली नाही तर काही मोटारींत सेल्फ फिरतो, पण इंधन सोडले जात नाही. इथे काहीही मोडलेले नाही. यंत्राने आपल्याला नकार दिला आहे. ‘सुरू होत नाही’ या शब्दांचा अर्थ सव्वाशे वर्षे ‘सुरू होऊ शकत नाही’ असा होता. आता तो ‘सुरू होऊ देत नाही’ असाही होऊ शकतो. बिघाड आणि आज्ञा यांची लक्षणे एकच झाली.

आम्ही गतकाळाचे गोडवे गात आहोत असा समज होऊ नये. जुन्या गॅरेजात विद्या होती तशी पोऱ्याच्या पाठीवर बसलेली पान्याची थापही होती. कार्बोरेटरची जेट तोंडाने फुंकणाऱ्यांच्या पोटात शिसे मिसळलेले पेट्रोल जात असे. अडाणी ठोकाठोकीलाही अनुभवाचे नाव मिळे, आणि गिऱ्हाइकाला खरे-खोटे पडताळण्याचे साधन नसे. कोडाने ते काही प्रमाणात दिले. तेव्हा प्रश्न हात श्रेष्ठ की पडदा श्रेष्ठ असा नाही. वाचण्याचा अधिकार कोणाकडे आणि वाचण्याची सवय कोणात उरली, असा आहे.

अधिकाराचा प्रश्न आपल्याकडे कायद्याच्या दारीही गेला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार-उत्पादकांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला होता. प्लगचे ओले टोक कोणीही पाहू शकत होते. कोड वाचायला परवानगी लागते. खुणाच कुलपात गेल्या तर खुणा वाचणाऱ्यांची परंपरा टिकण्याची शक्यता उरत नाही.

सवयीचा प्रश्न मात्र कायद्याने सुटणारा नाही, आणि तो आपल्याही वर्गात बसलेला आहे. एखादी कविता हाती पडताच तिच्यावर वादाचे, चळवळीचे वा सिद्धान्ताचे नाव चिकटवून पुढच्या कवितेकडे जाणारा विद्यार्थी आपण पाहतो. त्याला तसे शिकवणारे शिक्षकही आपणच असतो. नाव बहुधा चुकीचे नसते. ‘पी ०३३५’ हेही चुकीचे नसते. परंतु नाव सापडल्यावर खरे तर काम सुरू व्हायचे असते, आणि आपण तिथेच वही मिटतो. या ओळीत पेट का घेतला जात नाही? शब्द आहेत, लय फिरते आहे, तरी धरत नाही ते कशामुळे? एक शब्द बदलून वाचून पाहावा, एक ओळ वगळून पाहावी, मोठ्याने म्हणून पाहावी. उपशयाची ही रीत वर्गात क्वचितच दिसते, कारण तिला वेळ लागतो आणि तिचा निष्कर्ष आधी सांगता येत नाही.

मराठीत ‘निदान’ या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे: कमीत कमी, इतके तरी. रोगाचे कारण आणि किमान अपेक्षा यांना एकच शब्द कसा मिळाला हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे. आम्हांला मात्र तो योग गॅरेजच्या दारात अर्थपूर्ण वाटतो. झाकण उघडून वाकलेला कारागीर पोऱ्याला म्हणतो, ‘मार सेल्फ. निदान ठिणगी पडते का ते तरी बघू.’ सगळे कळण्याची हमी त्या वाक्यात नाही. मात्र न पाहता काही बदलायचे नाही, एवढी शिस्त त्यात आहे.